घुंगरूचं हसू

मी विनोदी माणूस आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण ऐकणाऱ्याच्या ते आपणहून लक्षात येत नाही.

धंदा फोटोचा. वडिलांनी सुरू केलेला स्टुडिओ, चपलांच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्याने चढून जायचं. आत एक फिरतं स्टूल, छत्री लावलेले दोन दिवे, आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खुंटीला एक काळा कोट. तो कोट घातला की कुणीही साहेब दिसतो, फक्त पाठ फिरवायची नाही, कारण मागून तो उसवून टाचण्या मारलेला आहे. वडील अबोल होते. "हं," म्हणायचे आणि बटण दाबायचे. मी गादीवर आल्यावर ठरवलं की आपण गिऱ्हाइकाला हसवायचं, खुलवायचं, मग फोटो काढायचा. वडिलांच्या काळातले फोटो स्वच्छ आहेत आणि माझ्या काळातले थोडे हललेले आहेत, हा मी योगायोग समजतो.

विनोदही मी घरचेच वापरतो, उधारीचे नाहीत. एकदा एक गृहस्थ स्टुलावर बसता बसता म्हणाले, "फोटो चांगला आला पाहिजे बरं का." मी म्हटलं, "मग तुमच्या भावाला पाठवून द्या." गृहस्थ उठले, कोट काढून ठेवला आणि समोरच्या स्टुडिओत गेले. समोरचा फोटोवाला अजून ही गोष्ट सांगून पोट धरून हसतो. म्हणजे विनोदात दम होता, फक्त तो पोचायला रस्ता ओलांडावा लागला.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी तिला माझा हुकमी किस्सा ऐकवला. तिने कपबशी बाजूला ठेवून, मन लावून, अगदी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "पुढे?" मला वाटलं, फिरकी घेतेय. मी तिथल्या तिथे प्रेमात पडलो. लग्नानंतर कळलं की फिरकी वगैरे काही नव्हती. तिला खरंच पुढचं हवं असतं. उदाहरण अर्धवट सोडलेलं तिला चालत नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक विनोदाच्या शेवटी ती शांतपणे "पुढे?" म्हणते आणि मी भाजी चिरायला घेतो.

अशा घरात आमची मुलगी जन्माला आली आणि ती हसायला लागली.

काय हसायची म्हणून सांगू. पाळण्यात असल्यापासून. मध्येच, काही कारण नसताना, किणकिण आवाज काढून. बारीक, एका लयीत, थोडा वेळ चालायचं आणि अचानक थांबायचं. मी तिचं नाव ठेवलं घुंगरू. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं, गल्लीभर ती घुंगरूच झाली. बोलायला लागली तशी तिला आणखी एक सवय लागली. खेळता खेळता उठायची, धावत माझ्याकडे यायची, सदरा ओढायची आणि म्हणायची, "बाबा, एक सांग ना. लवकर सांग." मी सांगायला सुरुवात करायचो आणि ती हसायची. हातातलं गिऱ्हाईक सोडून मी सांगायचो. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो श्रोता मला घरातच मिळाला होता, आणि तोही स्वतःहून मागणी करणारा. माझी छाती किती फुगली असेल याचा हिशेब गणिताच्या बाईंनाही जमला नसता.

बायको म्हणाली, "तुझा जोक संपायच्या आधीच ती हसते."

मी म्हटलं, "हुशार आहे. शेवट आधीच ओळखते."

"सुरुवातीलाच?"

"माझ्यावर गेलीय."

एकदा मी सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला. मी फोनवर बोलत राहिलो, किस्सा राहिलाच, पण ती हसून मोकळी झाली. मी त्या दिवशी समोरच्या फोटोवाल्याला मुद्दाम जाऊन सांगितलं की खऱ्या कलावंताला बोलावंही लागत नाही, त्याचं थांबणं पुरतं. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, जळतोय.

मग शाळेतून तक्रारी यायला लागल्या. बाई रागावत असताना ही हसली. वर्गातल्या एका मुलाचे आजोबा वारले, तो रडत होता, तर ही हसली. मुलं तिला वेडी म्हणायला लागली. आम्हाला बोलावणं आलं. मी वर्गशिक्षिकेला सांगितलं, "त्याचं काय आहे, मी घरी थोडा विनोदी आहे. तिला तेच आठवत असणार." शिक्षिकेने माझ्या बायकोकडे पाहिलं. दोघी शिक्षिका, दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव. असा भाव नापास होणाऱ्या मुलाच्या पालकांसाठी राखून ठेवलेला असतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, जीभ पाहिली, पोट दाबलं. म्हणाले, "मुलगी आनंदी आहे. यात तक्रार काय?" मी त्यांच्याशी पूर्ण सहमत होतो. बायको नव्हती. दुसऱ्या दिवशी ती शाळा सुटल्यावर थेट स्टुडिओत आली आणि कोपऱ्यात वह्या तपासत बसली. घुंगरू खाली पाटीवर चित्र काढत होती. थोड्या वेळाने ती उठली, माझा सदरा धरला. "बाबा, एक सांग ना. लवकर."

मी घसा साफ केला, तर बायकोने फळीवरून कसलासा डबा उचलून माझ्या हातात दिला. "जोक नको. यावर जे लिहिलंय ते वाच."

तो भिंतीला ओल आली तेव्हा आणलेल्या रंगाचा डबा होता. मी वाचलं, "थंड आणि कोरड्या जागी ठेवावे."

घुंगरू हसायला लागली.

मी वाचत राहिलो. "वापरण्यापूर्वी चांगले ढवळावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये." ती हसत होती. तीच किणकिण, तीच लय. चेहरा लाल झाला होता. मी चष्मा वर सारून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. माझा धंदाच तो आहे, लोकांना मी रोज सांगतो की तोंड फाकवून उपयोग नाही, हसू डोळ्यांत यायला हवं. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. ती आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीकडे बघत होती. मग ते थांबलं, तिने आवंढा गिळला आणि पुन्हा पाटीपाशी जाऊन बसली.

माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर माझ्यात आणि रंगाच्या डब्यात विनोदाच्या बाबतीत काही फरक नाही. स्वतःच्या मुलीला काय होतंय हे विचारायचं सोडून मला माझं पडलं होतं. दुसरा विचार येईपर्यंत बायकोने मोठ्या दवाखान्यात फोन लावला होता.

लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई आमच्याहून तरुण होत्या. त्यांनी आधी डोक्याला तारा लावून आलेख काढला. त्यात फारसं काही सापडलं नाही, आणि मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. मग मेंदूचा फोटो काढला. फोटोला माझा आक्षेप नसतो. त्या फोटोत, मेंदूच्या अगदी तळाशी, मधोमध, वाटाण्याएवढी एक गाठ होती. कॅन्सरची नाही, त्यांनी आधी तेच सांगितलं. जन्मापासूनची. वाढत नाही, पसरत नाही, बसल्या जागेवरून फक्त खोड्या काढते.

"ही फिट आहे," त्या म्हणाल्या. "हसण्याच्या रूपात येते. फार कमी मुलांमध्ये दिसते."

मी म्हटलं, "फिट म्हणजे हातपाय झाडतात, तोंडाला फेस येतो."

"ती एक तऱ्हा झाली. फिटच्या कितीतरी तऱ्हा असतात. काही मुलं नुसतीच काही क्षण टक लावून बसतात, लोकांना वाटतं लक्ष नाही. हिला हसू येतं. तिला मजा वाटत नसते, फक्त हसण्याचं यंत्र चालू होतं."

मग त्यांनी खुर्ची घुंगरूकडे वळवली. "काय गं, हसू यायच्या आधी तुला कळतं का?"

"हो."

"काय होतं?"

"पोटात कसंतरी होतं. लिफ्ट खाली जाते तसं. मग मी बाबाकडे पळते."

"बाबाकडे का?"

घुंगरूने माझ्याकडे पाहिलं. सांगू की नको असं तिला झालं असावं. "बाबा जोक सांगतो. मग सगळ्यांना वाटतं, जोकमुळे हसली. नुसतंच हसलं की वेडी म्हणतात."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. बायकोने तिला जवळ ओढून घेतलं. मी तिथल्या भिंतीवरचं कानाचं चित्र फार बारकाईने बघत होतो. एवढीशी पोर, तिला स्वतःच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नव्हतं, पण ते लपवायला गल्लीतली सगळ्यात सोयीची जागा कोणती हे कळलं होतं. जिथे हसणं कुणालाच खोटं वाटणार नाही, निदान मला तरी नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि मला माझी लाज वाटली, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे मी उठून पाणी प्यायला गेलो.

औषधं सुरू झाली. त्यांच्यामुळे ती दिवसभर पेंगायची आणि पेंगता पेंगता हसायची. एक बदलून दुसरं दिलं, तेव्हा पेंगणं कमी झालं आणि चिडणं वाढलं. हसणं तसंच. घरात आता कुणी तिला घुंगरू म्हणेना. बायको खऱ्या नावाने हाक मारायची आणि मुलगी ओ द्यायची नाही, कारण हे कुणाला बोलावतायत हे तिला कळायचं नाही. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, "मला घुंगरूच म्हणा. गाठीला दुसरं काहीतरी नाव ठेवा." आम्ही गाठीचं नाव ठेवलं भाडेकरू.

भाडेकरू औषधाने हलणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी वर्षअखेरीला सांगितलं. कवटीला बारीक भोक पाडायचं, त्यातून तारेएवढी नळी आत घालायची आणि लेझरने गाठ जाळायची. नाही केलं तर पुढे मोठ्या फिट सुरू होण्याची भीती, अभ्यास मागे पडण्याची भीती. केलं तर आजूबाजूचा भाग नाजूक, स्मरणशक्तीला धक्का लागू शकतो. बायकोने नेमके प्रश्न विचारले, एकाखाली एक, पायऱ्या न गाळता. मी एकच विचारला. "हे हसू गेलं, तर मग ती हसेल का?"

"हसेल की. पण ते ऑपरेशनवर नाही, विनोदावर अवलंबून राहील."

बायको हसली. इतक्या वर्षांत बायकोला हसताना मी पाहिलं ते परक्या बाईच्या विनोदाला.

ऑपरेशनच्या दिवशी घुंगरूच्या डोक्यावरचे थोडे केस काढले. तिने आरसा मागितला, नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "फोटो काढायचा नाही." ढकलखुर्चीतून तिला नेलं. दार बंद झालं. आम्ही दोघं बाकावर बसलो. समोर बंद पडलेलं चहाचं यंत्र होतं आणि त्यावर कुणीतरी 'बंद आहे' अशी चिठ्ठी लावली होती, तरी येणारा प्रत्येक माणूस एकदा बटण दाबून बघत होता. बायकोचे हात मांडीवर होते, एका हाताने दुसरा घट्ट धरलेला. तिची भीती मला माझ्यापेक्षा जास्त दिसत होती, कारण ती कधी दाखवत नाही.

"बोल काहीतरी," ती म्हणाली. "एखादा जोक सांग."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिने कधी मागितला नव्हता. मी सांगितला. "एक माणूस दुकानात शिरला. म्हणाला, मला चष्मा लागलाय का ते तपासून सांगा. समोरचा म्हणाला, लागलाय. हा म्हणाला, अहो, न तपासता कसं सांगता? तर समोरचा म्हणाला, ही बेकरी आहे."

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग दाराकडे बघत म्हणाली, "पुढे?"

"पुढचं मला माहीत नाही गं," मी म्हटलं. तिने माझा हात धरला. कुणीतरी येऊन चहाचं बटण दाबून गेलं.

गाठ जळली. सगळी की बहुतेक, ते काही महिन्यांनी कळणार होतं. घुंगरू शुद्धीवर आली तेव्हा तिने पाणी मागितलं, आणि नंतरचे कित्येक दिवस ती पाणीच मागत होती. ते डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, पुढे तेही थांबलं. पाढे तिला आठवत होते, बायकोने पहिली तीच परीक्षा घेतली. दप्तर कुठे ठेवलं ते मात्र विसरायची. ते मीही विसरतो, आणि माझं ऑपरेशन झालेलं नाही, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

आम्हाला नियम घालून दिले होते. हसू आलं की तिला कुशीवर निजवायचं, घाबरायचं नाही, फोनवर चित्रण करायचं, घड्याळ बघायचं. मी उशीवर सराव केला. बायको म्हणाली, उशी घाबरली असेल.

पण हसू आलंच नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. घरात शांतता. तिने एकदाही सदरा ओढला नाही. एकदाही "एक सांग ना" म्हणाली नाही. रोज रात्री जेवताना मी देवाचे आभार मानायचो की आजही तिने विनोद मागितला नाही, आणि रोज मला चुकल्यासारखं व्हायचं. कधी न राहवून मी आपणहून सांगायचो. ती घास थांबवून ऐकायची, सभ्यपणे, पासपोर्टच्या फोटोत असतो तशा चेहऱ्याने. संपल्यावर आईसारखंच म्हणायची, "पुढे?" घरात आता बहुमत त्यांचं होतं.

मला खरी धास्ती वेगळी होती. ती कशालाच हसत नव्हती. मैत्रिणी हसल्या तरी ही ओठ मिटून बसायची. हसू आलं की ते आपलं की भाडेकरूचं, याचीच तिला खात्री नसावी. डॉक्टरांनी फिट घालवताना बाकीचं हसूही सोबत नेलं की काय, असं मला वाटायला लागलं. बायकोला मी हे बोललो नाही. तिला ते आधीच वाटत होतं, हे तिच्या वह्या तपासण्यावरून कळायचं. बरोबर उत्तरांवर चुकीची खूण करत होती.

मग एका दुपारी स्टुडिओत एक जाडजूड गृहस्थ पासपोर्टच्या फोटोसाठी आले होते. हल्ली पासपोर्टच्या फोटोत हसलेलं चालत नाही, चेहरा सरळ लागतो, नाहीतर फोटो परत येतो. जन्मभर लोकांना हसवायला निघालेल्या माणसावर "हसू नका" म्हणून पोट भरायची वेळ आलीय, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला विनोद आणि तो मी केलेला नाही. गृहस्थ स्टुलावर बसले. घुंगरू कोपऱ्यात गृहपाठ करत होती. मागचा पांढरा कागद जरा तिरका वाटला म्हणून मी गृहस्थांच्या मागे गेलो, टाचा उंचावून वरची दांडी ढकलली, आणि ती दांडी, तिच्यावरची कागदाची सगळी गुंडाळी, आणि भिंतीचा थोडा पोपडा, एवढं सगळं माझ्या अंगावर आलं.

मी खाली बसलो. म्हणजे बसवला गेलो. वरून कागद येतच होता. आत पांढरंशुभ्र होतं, काही दिसत नव्हतं. माणूस सवयीचा गुलाम असतो. मी आतून म्हणालो, "हलू नका. मान सरळ. हसू नका."

आणि मला आवाज ऐकू आला.

किणकिण नव्हती ती. फाटका, मोठा, अंगावर येणारा आवाज, मध्ये नाकातून घुर्र, मग श्वास अडकल्यासारखा, मग पुन्हा. असा आवाज मी त्या खोलीत कधी ऐकला नव्हता. घुंगरूच्या कोपऱ्यातून येत होता. मोठी फिट, मला वाटलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या ती मोठी.

मी कागद फाडत बाहेर आलो, अर्धा गळ्यात, अर्धा पायात. ती जमिनीवर होती. चेहरा लाल, अंग गदगदतंय, पाय आपटतायत, डोळ्यांतून पाणी. मी तिच्यापाशी गुडघ्यांवर पडलो, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात दिला. खिशातला फोन काढून त्या गृहस्थांच्या हातात कोंबला. "चित्रण करा. घड्याळ बघा. घाबरू नका," असं मी ओरडलो, आणि घाबरलेला तिथे मी एकटाच होतो. ती माझ्या हाताखालून निसटायला बघत होती. मी तिला आणखी घट्ट धरलं. "आलोय मी, बाबा आहे इथे, होईल बरं, आत्ता थांबेल."

"बाबा, सोड," ती म्हणाली. तिला बोलताच येत नव्हतं. "सोड ना. काही नाही झालं मला."

"बोलू नकोस. पडून राहा."

"अरे, हसतेय मी."

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या गळ्यातल्या कागदाकडे, केसांतल्या पोपड्याकडे, सगळ्याकडे. भिंतीकडे नाही.

"कशाला हसतेयस?" मी विचारलं.

"तुला," ती म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली.